चिंध्यांचीं अक्षरें

अक्षर या शब्दाचा मूळ अर्थ 'न झिजणारें' असा आहे. गोधडी तर झिजण्याकरितांच जन्मास येते. ती अंगाखालीं जाते, अंगावर येते, नदीवर आपटून धुतली जाते, आणि अखेर तिच्याच चिंध्या दुसऱ्या गोधडीच्या पोटांत भरल्या जातात. तेव्हां न झिजणारें अक्षर झिजणाऱ्या चिंध्यांतून घडवावयाचें, हा उद्योग प्रथमदर्शनीं विसंगत वाटल्यास नवल नाहीं. परंतु अमेरिकेंतील स्त्रियांनीं तो केला आहे, आणि अलीकडच्या कांहीं वर्षांत तर त्याला एका स्वतंत्र कलाप्रकाराचें रूप आलें आहे. पलंगावर पसरलेली किंवा भिंतीवर टांगलेली एक गोधडी. तिच्यावर वेलबुट्टी नाहीं, चांदण्या नाहींत. एखादा शब्द किंवा एखादें वाक्य आहे, आणि त्यांतील प्रत्येक अक्षर कापडाच्या पट्ट्या एकमेकींस शिवून, कोणत्याहि साच्यावाचून, हाताला सुचेल तसें उभें केलेलें आहे. या शब्दगोधड्यांचें कौतुक पुष्कळ होतें. परीक्षण मात्र त्या मानानें थोडें होतें. यास्तव या कलेचा गुण कशांत आहे आणि तिच्यांत सोंग कोठें शिरतें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कापडावर अक्षर उमटविण्याच्या रीति मुख्यतः तीन. पहिली भरतकामाची. हिच्यांत सुई हीच लेखणी आणि दोरा हीच शाई. बंगालमधील कांथांवर असें लेखन आढळतें. कलकत्त्याच्या गुरुसदय संग्रहालयांत मानदासुंदरी दासी हिनें आपल्या वडिलांकरितां केलेली जी प्रसिद्ध कांथा आहे, तिच्यावर तिनें आपला मजकूर टांक्यांनींच लिहून ठेविला आहे. दुसरी रीति ठिगळाची. अक्षराचा आकार एका कापडांतून कातरावा, दुसऱ्या कापडावर ठेवावा आणि कडेनें शिवून टाकावा. एड्सच्या रोगानें मृत्यु पावलेल्यांच्या स्मरणार्थ अमेरिकेंत जी अवाढव्य गोधडी तयार झाली, ती ११ ऑक्टोबर १९८७ रोजीं वॉशिंग्टन येथें प्रथम पसरण्यांत आली, तेव्हां तिच्यांत १,९२० तुकडे होते. प्रत्येक तुकडा ३ फूट रुंद व ६ फूट लांब, म्हणजे एका माणसाच्या थडग्याएवढा. आणि त्यावर मृताचें नांव. हीं नांवें कोणी रंगविलीं, कोणी भरलीं, पण पुष्कळांनीं कापडाचीं अक्षरें कातरून तीं ठिगळासारखीं लाविलीं.

तिसरी रीति जोडकामाची, आणि आमचा विषय तीच. पहिल्या दोन रीतींत कापड अगोदर असतें आणि अक्षर त्यावर मागाहून येतें. येथें अगोदर कांहींच नसतें. अक्षर, आणि कापडवाले जिला जमीन म्हणतात ती त्याच्या भोंवतालची जागा, हीं दोन्हीं एकाच शिवणीनें निर्माण होतात. छापलेल्या पानावर अक्षराच्या पोटांतील पांढरी जागा फुकट मिळते. जोडकामांत ती जागासुद्धां कोणीतरी मोजून, कातरून, शिवलेली असते. हा भेद वाचकांनीं लक्षांत ठेवावा. पुढील सर्व विवेचन त्याच्यावरच उभें आहे.

उदाहरणार्थ, इंग्रजींतील 'एच्' हें अक्षर घ्यावें. हें म्हणजे दोन खांब आणि मधली तुळई. प्रथम तुळईच्या वर एक आणि खालीं एक असे जमिनीच्या कापडाचे दोन तुकडे शिवावयाचे. मग हा उभा पट्टा मध्यें धरून त्याच्या दोन्ही बाजूंस खांब लावावयाचे. पांच तुकडे झाले. 'ओ' म्हणजे चार पट्ट्यांची चौकट आणि तिच्यांत जमिनीची खिडकी. 'डी' करावयाचा तर त्याच चौकटीचे उजवीकडील दोन कोपरे तिरपे छाटून तेथें जमिनीचे त्रिकोण बसवावयाचे. 'एस्' हें वळणदार अक्षर येथें आपलें वळण सोडून जिन्यासारखें उभें राहतें: तीन आडव्या पट्ट्या, आणि त्यांच्यामध्यें एकदां डावीकडे व एकदां उजवीकडे एक आंखूड दुवा. खरी परीक्षा तिरप्या अक्षरांची. 'एन्' करितांना जमिनीचा तुकडा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत चिरून त्या चिरेंत पट्टी भरावी लागते. 'एक्स्'मध्यें हेंच दोनदां करावें लागतें, आणि दुसऱ्या वेळीं पहिल्या पट्टीचे दोन भाग एका रेषेंत आले नाहींत तर अक्षराचा पाय मुरगळलेला दिसतो.

याशिवाय एक अदृश्य वजावट आहे. शिवणीच्या आंत दडून जाणाऱ्या कापडाला आपल्याकडील शिंपी 'माया' म्हणतात. अमेरिकन जोडकामांत ही माया सामान्यतः पाव इंचाची असते. एक इंच रुंद पट्टी दोन्ही बाजूंनीं शिवली गेली कीं दिसावयास अर्धाच इंच उरते. केवळ पाहून लिहिणें बरें नव्हे, म्हणून आम्हीं जुन्या लुगड्याचें कातरण घेऊन हा प्रयोग घरीं करून पाहिला. आमच्या पहिल्याच 'एच्'ची तुळई मायेनें गिळून टाकली आणि दोन खांब एकमेकांशीं कांहींच संबंध नसल्यासारखे उभे राहिले. तें पाहून घरांतील आत्याबाई म्हणाल्या, "अरे, दिसायला हवं त्याहून कापायला जास्त लागतं." जन्मभर गोधड्या शिवलेल्या या बाईंनीं इंग्रजी अक्षर कधीं गिरविलें नव्हतें, पण त्या अक्षराचें काय चुकलें हें त्यांना आमच्याआधीं कळलें.

आतां साच्याचा प्रश्न. जोडकामांतील अक्षर हें नवीन नाहीं. मद्यनिषेधाच्या अमेरिकन चळवळीशीं 'टी' या अक्षराचा ठोकळा फार पूर्वीं जोडला गेला, कारण इंग्रजींत त्या चळवळीच्या नांवाचें आद्याक्षर तेंच. परंतु तो ठोकळा भूमितीचा होता. एक 'टी' दुसऱ्या 'टी'सारखा हुबेहूब यावा अशी त्याची रचना. साच्यावाचून अक्षर करणारी बाई निराळ्या वाटेनें जाते. ती पट्टी हातांत घेते, तिची रुंदी पाहते, आणि त्या पट्टीला जेवढें अक्षर झेपेल तेवढेंच करिते. पुढची पट्टी निराळ्या कापडाची व निराळ्या रुंदीची, म्हणून पुढचें अक्षरहि निराळें. एकाच शब्दांत 'ई' दोनदां आला तर एक लठ्ठ आणि एक रोड निघतो.

या रीतीला स्वैर जोडकाम म्हणावें तर तें म्हणणें अर्धेंच खरें आहे. अक्षरें उंचसखल झालीं तरी ओळ जोडण्यापूर्वीं तीं एका उंचीस आणावीं लागतात. बुटक्या अक्षराच्या डोक्यावर किंवा पायाखालीं जमिनीची पट्टी शिवून तें शेजाऱ्याच्या बरोबरीस आणावयाचें, तिरपी कड कातरून सरळ करावयाची, आणि मगच ओळीला ओळ लावावयाची. आपल्या ख्यालगायकाला हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. आलापांत तो कोठेंहि हिंडून आला तरी समेवर त्याला यावेंच लागतें, आणि त्याच्या हिंडण्याची गोडी त्या येण्यांतच असते. गोधडीची सम म्हणजे ती सरळ कड. टोन्या रिकुची या बाईंनीं २०१० सालीं शब्दगोधड्यांवर एक स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केलें आणि त्याच्या उपशीर्षकांत स्वतःला 'बेशिस्त' म्हणवून घेतलें. ज्या बायकांना अक्षराचें जोडकाम म्हणजे कुशल कारागिराचेंच काम वाटत होतें, त्यांच्या हातांत या पुस्तकानें कात्री दिली, हा त्याचा उपकार आम्ही मान्य करितों. परंतु 'बेशिस्त' हें विशेषण गमतीनें घ्यावयाचें आहे. तें अक्षरशः घेणाऱ्यांच्या हातून काय होतें, तें पुढें सांगूं.

या स्वातंत्र्याचें मूळ कोठें आहे? ग्वेन मार्स्टन यांनीं १९९६ सालीं 'लिबरेटेड क्विल्टमेकिंग' हें पुस्तक लिहून मोजमापाच्या जाचांतून गोधडीला मोकळें करण्याचा जो मार्ग दाखविला, त्याचा अभ्यास त्यांनीं जुन्या गोधड्यांवरूनच केला होता. त्याच मार्गानें मागें गेलें तर आपण दक्षिणेंतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गोधड्यांपाशीं येऊन पोंचतों. अलाबामा नदीच्या एका वळणांत वसलेल्या जीज् बेंड या गांवच्या गोधड्या २००२ सालीं प्रथम ह्यूस्टन येथील ललितकला संग्रहालयांत व त्याच वर्षीं न्यू यॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयांत मांडल्या गेल्या, तेव्हां आधुनिक चित्रकलेचे जाणकार थक्क झाले. त्या बायका आपल्या मनाजोग्या रचनेला 'माझी तऱ्हा' म्हणत. परंतु ती तऱ्हा हौसेनें वांकडी झालेली नव्हती. विजारीच्या पायाचा तुकडा जेवढा शाबूत उरला तेवढाच लांब, सदऱ्याची पाठ जेथें विरली तेथपर्यंतच रुंद. कापडाच्या अंगची गरज आणि बाईची नजर यांच्या झटापटींतून ती रेघ तिरपी जाई.

याच गांवच्या मिसुरी पेटवे हिनें १९४२ सालीं पति वारल्यानंतर त्याचे शेतांत घालावयाचे कपडे फाडून एक गोधडी शिवली, ती त्याची आठवण अंगावर घेतां यावी म्हणून. तिच्यावर एक अक्षरहि नाहीं. विटलेला निळा रंग, कामानें झिजलेले भाग आणि खिसा उसवल्यावर खालीं निघणारा गडद डाग, एवढेंच त्या जातीच्या कापडाचें बोलणें असतें. आणि तें ज्याला ऐकूं येत नाहीं त्याला शब्द लिहूनहि फारसें ऐकूं येणार नाहीं.

येथेंच आमच्या मतें शब्दगोधडीच्या परीक्षणाचा खरा प्रश्न उपस्थित होतो. जेथें कापड स्वतःच बोलतें तेथें शब्दाची गरज काय? गोधडीवर शब्द घालणारी बाई एक मोठी जबाबदारी पत्करते. कापडाला जें सांगतां आलें नसतें असें कांहीं तो शब्द सांगतो काय? आणि एकेका अक्षराला पांच-सात तुकडे व तितक्याच शिवणी लागतात, तेवढ्या श्रमास तो शब्द पात्र आहे काय? या दोन प्रश्नांस जी गोधडी उतरते ती आमच्या मतें थोर. जी उतरत नाहीं तिचीं अक्षरें कितीहि डौलदार असोत, तो शब्द तेथें आगंतुकच होय.

या कसोटीस पूर्णपणें उतरलेली एक कृति आहे. जॉर्जिया राज्यांतील पॅरट या गांवीं जेसी टेलफेअर (१९१३–१९८६) नांवाची एक कृष्णवर्णीय स्त्री शाळेच्या स्वयंपाकघरांत नोकरीस होती. १९६० नंतरच्या दशकांत तिनें मतदारांच्या यादींत आपलें नांव नोंदविण्याचा प्रयत्न केला, आणि त्यापायीं तिची नोकरी गेली. पुढें पुष्कळ वर्षांनीं त्या अनुभवाला उत्तर म्हणून तिनें 'फ्रीडम', म्हणजे स्वातंत्र्य, हा एकच शब्द घेऊन एकाहून अधिक गोधड्या केल्या. त्यांपैकीं १९८३ सालची गोधडी न्यू यॉर्क येथील अमेरिकन लोककला संग्रहालयांत आहे. ती ७४ इंच लांब व ६८ इंच रुंद आहे. सात अक्षरांचा तो इंग्रजी शब्द एकाखालीं एक अशा सहा ओळींत मांडलेला आहे. अक्षरें ठळक व चौकोनी बांध्याचीं. रंग तांबडा, पांढरा आणि निळा, म्हणजे त्या देशाच्या निशाणाचे. त्या आडव्या ओळी निशाणाच्या पट्ट्यांसारख्याच दिसतात.

शब्दाचा अर्थ वाचणाऱ्याला पहिल्याच ओळींत कळतो. मग पुढच्या पांच ओळी कशासाठीं? छापखान्यांत तोच खिळा सहा वेळां उठविला असता तर ती पुनरुक्ति झाली असती. येथें प्रत्येक वेळीं सातहि अक्षरें पुन्हां कापावीं लागलीं, पुन्हां शिवावीं लागलीं. अर्ज एकदां फेटाळला गेला म्हणून दुसऱ्यांदा करावा, दुसऱ्यांदा फेटाळला म्हणून तिसऱ्यांदा करावा, तशा त्या ओळी एकीखालीं एक येतात. आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. १९६५ चा मतदानहक्काचा कायदा होईपर्यंत दक्षिणेंतील राज्यांत कृष्णवर्णीयांस यादीबाहेर ठेवण्याचें एक ठरलेलें हत्यार म्हणजे अक्षरज्ञानाची परीक्षा. ज्यांच्या वाटेंत अक्षरच आडवें घातलें होतें, त्यांच्यापैकीं एका स्त्रीनें तेंच अक्षर कात्रीनें कापून, आपल्या मापाचें करून, आपल्या पलंगावर पसरलें. या गोधडींतील रंग निष्ठेचे कीं उपरोधाचे, असा प्रश्न रसिक विचारतात. आम्हांस वाटतें, त्या दोहोंत निवड करण्याची सक्ति टेलफेअरवर नाहीं. ज्या निशाणाखालीं तिची नोकरी गेली त्याच निशाणावर तिचा हक्कहि होता, आणि ती दोन्ही सत्यें एकाच कापडांत शिवलेलीं आहेत.

योगायोग असा कीं, त्याच १९८३ सालीं न्यू यॉर्कच्या फेथ रिंगगोल्ड (१९३०–२०२४) यांनीं आपली पहिली कथागोधडी केली. आँट जेमायमा या, जाहिरातींतून घराघरांत पोंचलेल्या कृष्णवर्णीय स्वयंपाकिणीच्या चित्राला त्यांनीं तिच्यांत एक नवें चरित्र दिलें, आणि तें कापडावर हातानें लिहून काढलें. रिंगगोल्ड या शिक्षण घेतलेल्या चित्रकर्त्री. त्यांना सांगावयाचें पुष्कळ होतें आणि लेखणी वश होती. गोष्ट सांगावयाची तर लिहिलेंच पाहिजे. जोडकामांतील अक्षरांनीं एवढें चरित्र सांगावयाचें म्हटलें तर आयुष्य पुरणार नाहीं. दोन कृतींत डावेंउजवें करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु या तुलनेनें जोडकामाची मर्यादा आणि तिचें बळ हीं दोन्हीं स्पष्ट होतात. ज्या रीतींत शब्द इतका महाग पडतो, तिच्यांत बोलणारास फार थोडे शब्द परवडतात. आणि थोडे परवडतात म्हणून निवड करावी लागते.

आजच्या पिढींत ही निवड जाणून करणाऱ्या बायकांत गणिताच्या प्राध्यापिका असलेल्या किंबरबाईंचें नांव अग्रभागीं घेतलें पाहिजे. १७ जुलै २०१४ रोजीं न्यू यॉर्क येथें पोलिसांनीं गळा आवळून धरल्यानें एरिक गार्नर हा कृष्णवर्णीय गृहस्थ मरण पावला. 'मला श्वास घेतां येत नाहीं' हे त्याचे अखेरचे शब्द. ते त्यांनीं गोधडींत घातले आहेत. हें ऐकून कोणास तें औचित्यभंगासारखें वाटेल. मरणाराचें वाक्य घेऊन कशिदा काय करावयाचा? आम्हांसहि प्रथम तसेंच वाटलें. पुढें विचार केला तेव्हां मत फिरलें. तें वाक्य उच्चारावयास एक क्षण लागतो, आणि ऐकणाऱ्यांनीं तो क्षणहि दिला नाहीं. शिवणारीला त्याच वाक्यापाशीं दिवसेंदिवस बसावें लागतें. एकेका अक्षराचे खांब, तुळ्या आणि पोकळ्या जुळवाव्या लागतात. जें ऐकावयास कोणी थांबलें नाहीं, त्यापाशीं एक माणूस तरी एवढा वेळ थांबलें, अशी ती गोधडी साक्ष देते. ही साक्ष छापील फलकाला देतां आली नसती.

गुणांविषयीं एवढें झाल्यावर दोषांकडे वळलें पाहिजे, आणि ते थोडे नाहींत. पहिला दोष म्हणजे शब्दाचा स्वस्तपणा. 'हंसत राहा', 'स्वप्नें पाहा', 'घर हेंच सुख' अशा तऱ्हेचीं वाक्यें दुकानांतील पेल्यांवर आणि पाटांवर अगोदरच इतकीं लिहून ठेविलेलीं असतात कीं, त्यांच्याकरितां शे-दोनशे तुकडे जोडणें म्हणजे सोनाराच्या तराजूवर कोंडा जोखण्यासारखें आहे. शिवणारीचे कष्ट खरे असतात. पण शब्द तिचा नसतो, आणि त्यामुळें ते कष्टहि वाया गेल्यासारखे दिसतात.

दुसरा दोष याहून सूक्ष्म आहे व आमच्या मतें अधिक घातक आहे. जीज् बेंडच्या रेघेचा तिरपेपणा कापडाच्या गरजेंतून आला हें वर सांगितलेंच. आतां ठाणांतून नवें कोरें कापड आणावयाचें, धारदार चक्रीनें तें सरळ कापतां येत असतांहि मुद्दाम तिरपें कापावयाचें, प्रत्येक अक्षर ठरावीक बेतानें कलतें करावयाचें, आणि त्याला उत्स्फूर्त म्हणावयाचें, ही एक रूढि होऊं पाहत आहे. वांकडें तें जिवंत, आणि सरळ तें निर्जीव, असा समज तिच्या बुडाशीं आहे. लहान मूल बोबडें बोलतें तें गोड वाटतें. मोठ्या माणसानें तेंच बोलूं लागावें हें कोणासहि सोसवत नाहीं. असल्या गोधडींतील अक्षरें पाहून असाच अनुभव येतो. खऱ्या स्वैर अक्षराची खूण अशी कीं, तें सरळ येण्याचा प्रयत्न करीत असतें आणि कापड त्याला पुरतें तेवढेंच सरळ येऊं देतें. 'बेशिस्त' हें विशेषण अक्षरशः घेण्याचा परिणाम म्हणून आम्हीं वर जें सूचित केलें तें हेंच.

तिसरा दोष वाचनीयतेचा. फुलांचें चीट अक्षरालाहि आणि जमिनीलाहि वापरलें कीं अक्षर जमिनींत बुडतें. येथें रंगांहून त्यांच्या गडदफिकेपणाचा भेद महत्त्वाचा. तांबडें आणि हिरवें जवळ ठेवलें तरी दोन्ही सारखींच गडद असलीं तर लांबून शब्द दिसत नाहीं. वाचणाऱ्याला थोडें थांबविणें हा गुण होऊं शकतो. अडखळून परत पाठविणें हा गुण नव्हे.

यावर एक आक्षेप येईल. गोधडी ही घरगुती वस्तु. तिच्यावर असल्या कडक कसोट्या लावणें म्हणजे आजीच्या ओव्यांना छंदःशास्त्राची छडी दाखविण्यासारखें नाहीं काय? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचें उत्तर आमच्या कसोटींतच आहे. नातवंड जन्मल्यावर आजी त्याचें चार अक्षरी नांव जुन्या कपड्यांच्या पट्ट्यांतून जोडते आणि पाळण्यांत घालते. हा शब्द स्वस्त आहे असें कोण म्हणेल? तो त्या घरांत पूर्वीं कोणी उच्चारलेला नव्हता. तो श्रमास पात्र आहे. आणि आजोबांच्या सदऱ्याचा तुकडा त्यांतील एखाद्या अक्षराचा खांब झाला असेल तर कापड आणि शब्द दोन्हीं मिळून जें सांगतात तें एकट्याला सांगतां आलें नसतें. थोर विषय हवा असा आमचा आग्रह नाहीं. शब्द शिवणारीचा हवा, एवढाच आहे.

जातां जातां आपल्या लिपीचा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं. आपल्या गोधडींत जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून, वर ठिगळें ठेवून, धांवदोऱ्यानें सारें एकजीव करितात; तुकडे जोडून अक्षर करण्याची रीति तिच्यांत नाहीं. इंग्रजी मोठ्या अक्षरांना एक सोय अशी कीं, तीं सुटीं असतात आणि बहुतेक सरळ रेघांचीं असतात. बाळबोध लिपीचीं वळणें गोल, वर मात्रा, खालीं उकार. म्हणजे एका ओळीच्या तीन माळ्या कराव्या लागणार. 'ळ' आणि 'ह' यांचीं वळणें पट्ट्यांनीं कशीं साधावीं, हें सांगणें कठीण आहे. परंतु एक सोय आपल्या लिपींतहि आहे, आणि ती त्यांच्याजवळ नाहीं. ती म्हणजे शिरोरेघ. शब्द पुरा झाल्यावर त्याच्या माथ्यावर एक लांब पट्टी शिवली कीं उंचसखल अक्षरें आपोआप एका रेषेंत लटकतील. मुलांना आपण 'गमभन' प्रथम शिकवितों तें त्यांत उभी रेघ सोपी म्हणून. कापडावरहि बहुधा तेथूनच आरंभ करावा लागेल. कोणी हें करून पाहिलें तर आम्हांस कुतूहल आहे. मात्र ज्या बाईच्या हातांत ती कात्री जाईल तिनें प्रथम अक्षराची नव्हे, शब्दाची काळजी करावी.

असो. आरंभीं आम्हीं म्हटलें कीं, झिजणाऱ्या कापडांतून न झिजणारें अक्षर करणें ही विसंगति आहे. लेख संपवितांना तसें वाटत नाहीं. टेलफेअरची गोधडी आतां संग्रहालयांत जपून ठेविलेली आहे. तिच्यावर कोणी निजत नाहीं, तिला कोणी धूत नाहीं. ती टिकेल. पण तिच्या मोलाचें कारण तें टिकणें नव्हे. ज्या दिवशीं ती सहावी ओळ जोडून पुरी झाली त्या दिवशींच त्या शब्दाचा जो काय निकाल व्हावयाचा तो झाला होता. पुढें ती वापरून फाटली असती, तिच्या चिंध्या दुसऱ्या गोधडीच्या पोटांत गेल्या असत्या, तरी एका बाईनें तो शब्द सहा वेळां आपल्या हातानें केला ही गोष्ट खोटी झाली नसती. शब्दगोधडी पाहणाऱ्यानें प्रथम हेंच पाहावें कीं, करणारीला तो शब्द खरोखर हवा होता काय. अक्षराची रेघ सरळ आली कीं वांकडी, हें त्यानंतर पाहतां येईल.